कुशीबाहेरची ऊब

१४ डिसेंबर २०२४

रात्री थंडी वाढली आणि सकाळपासून बाळांची रीघ लागली. साखर कारखान्यांची धुराडी पेटली आहेत, उसाच्या फडांच्या कडेला तोडकऱ्यांच्या कोप्या उभ्या राहिल्या आहेत. त्या कोप्यांतून येणाऱ्या बाळांचे पाय हातात घेतले की आपल्याच अंगावर शहारा येतो. बाळ आलं की आधी पोट आणि तळपाय चाचपायचे, ही आमच्या नवजात कक्षाची पहिली सवय. दोन्ही उबदार, तर बाळ ठीक. पोट उबदार पण पाय गार, तर बाळ थंडीशी झगडतंय. दोन्ही गार, तर आता वेळ घालवायचा नाही. काखेत तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असायला हवं. आज एका बाळाचं ३४ भरलं.

मोठ्या माणसाला थंडी वाजली की अंग कापतं आणि त्या कापण्यातून ऊब तयार होते. नवजात बाळाला असं कापता येत नाही. त्याच्याकडे मानेजवळ, खांद्यांच्या मधे, मूत्रपिंडांभोवती थोडी तपकिरी चरबी असते. तीच जाळून ते स्वतःला गरम ठेवतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाकडे तीही तुटपुंजी असते. शिवाय वजनाच्या मानाने कातडी मोठ्या माणसाच्या जवळजवळ तिप्पट, म्हणजे उष्णता निघून जायला तितकी जागा. बाहेरून ऊब देण्यावाचून इलाज नसतो. ऊब न मिळाल्याने दगावणारी बाळं ऊब देताना भाजणाऱ्या बाळांपेक्षा कितीतरी अधिक आहेत. भाजण्याबद्दल बोलताना हे विसरून चालणार नाही.

वरून ऊब देणारे वॉर्मर कमी पडले, म्हणून दुपारी एकावर दोन बाळं ठेवावी लागली. तापमान मोजणारा प्रोब एकच. ज्या बाळाच्या पोटाला तो चिकटवलेला असतो, त्याच्या अंगावरून यंत्र ठरवतं की वरची कॉइल किती तापवायची. शेजारचं बाळ फुकट त्याच्या हिशोबाने तापतं. पहिलं गार असेल तर कॉइल जोरात चालू राहते आणि दुसरं, ज्याला तेवढी गरज नाही, ते भाजून निघू शकतं. डॉक्टर सरांना सांगितलं. त्यांनी एका बाळाला आईकडे दिलं तोवर त्या दुसऱ्या बाळापासून मी हलले नाही.

१६ डिसेंबर

नवी सिस्टर रुजू झाली. चुणचुणीत मुलगी आहे, लातूरकडची. तिला वॉर्मर समजावताना बटणांपासून सुरुवात केली नाही, प्रोबपासून केली. सगळं यंत्र त्या एका वायरच्या टोकावर विश्वास ठेवून चालतं.

प्रोब उजव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली, यकृतावर लावायचा. हाडावर नाही. वर चकाकणारी चिकटपट्टी लावायची, म्हणजे कॉइलची धग थेट प्रोबवर पडून आकडा फसवणार नाही. स्किन मोडवर ३६.५ लावलं की बाळाची कातडी तेवढ्यावर येईपर्यंत कॉइल तापते आणि मग मंदावते. इथवर सगळं सोपं आहे.

प्रोब सुटला तर? तो बाळाचं अंग सोडून खोलीतली हवा मोजायला लागतो. यंत्राला वाटतं बाळ गार पडलं. ते पूर्ण जोराने तापतं, आणि खाली बाळ आधीच पुरेसं गरम झालेलं असतं. उलट बाळ प्रोबवर पालथं पडलं, तर आकडा खोटाच चढतो, कॉइल थंडावते आणि बाळ गारठतं. दोन्ही वेळा यंत्र बिघडलेलं नसतं. ते त्याचं काम चोख करत असतं, फक्त भलत्याच गोष्टीचं मोजमाप घेऊन.

तिने विचारलं, "मग आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही, सिस्टर?"

"ठेवायचा. पण हात लावल्यावर."

आणखी एक सांगितलं. वॉर्मरखालच्या बाळाला तेल चोळायचं नाही. आज्या बाटली घेऊन येतात, मायेने येतात. त्यांना हिडीसफिडीस न करता समजवायचं. आणि मॅन्युअल मोड शक्यतो नको. त्यात बाळाचं अंग काय सांगतंय ते यंत्र ऐकतच नाही, आपण लावलेल्या जोराने ते तापत राहतं. म्हणून त्या मोडवर दर पंधरा मिनिटांनी अलार्म वाजतो. कुणीतरी यावं, बाळाकडे बघावं, मगच तो बंद करावा, अशी योजना आहे. जवळ माणूस असलंच पाहिजे, ही अट ज्यांनी यंत्राचे नियम केले त्यांनीच घातलेली आहे. अलार्मचा त्रास वाटायला लागला की मी हे स्वतःला सांगते.

१९ डिसेंबर

पहाटे १०२ च्या गाडीतून एक मुलगी आली. सहा दिवसांची, वजन १,९०० ग्रॅम. सोबत आजी. आजी म्हणावी इतकं वय नाही, पण तोंडावर उन्हाने सुरकुत्या. बीड जिल्ह्यातून तोडीला आलेलं कुटुंब. बाळाचं पोट कोमट, उजवा पाय गार. डाव्या पायाला फडकं बांधलेलं होतं.

फडकं सोडलं. टाच, घोटा आणि पोटरीचा खालचा भाग. फोड थोडे होते, पण मधला भाग पांढुरका आणि कोरडा. तिथे स्पर्श केला तरी पाय मागे घेतला नाही. लाल आणि दुखरं असतं ते वरवरचं. पांढरं आणि मुकं असतं ते खोल गेलेलं. डॉक्टर मॅडमनी एकदाच माझ्याकडे बघितलं.

आजी सांगत होती, "लेकरू हातात धरवना इतकं गार पडलं व्हतं. लेक फडावर गेलेली. मग चुलीतली ईट काढली, लुगड्याच्या फडक्यात गुंडाळली, पायाशी ठिवली. हात लावून बघितला व्हता मी, सिस्टर. कोमटच व्हती. रडली असती तर कळलं असतं. ती रडलीच न्हाई."

कक्षातल्या कुणीतरी मागून म्हटलं, "एवढंही कळत नाही का?" मी त्यांना बाहेर पाठवलं.

गारठलेलं बाळ रडत नाही. ते सुस्त पडतं, दूध ओढत नाही, आवाज क्षीण होतो. आजीने पाहिलं ते बरोबर होतं: लेकरू गार होतं, ते वाचवायला हवं होतं. "बाळाला उबेत ठेवा" हे तिला ज्या कुणी सांगितलं, त्यांनी ऊब कशाने द्यायची ते सांगितलं नव्हतं.

२० डिसेंबर

आजीची वीट डोक्यातून जाईना, म्हणून मॅडमना विचारलं: हाताला कोमट लागणाऱ्या विटेने एवढं खोल कसं जाईल?

त्यांनी १९४७ सालच्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. अमेरिकेत हार्वर्डमध्ये मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी डुकरांच्या कातडीवर आणि काही स्वयंसेवकांच्या अंगावर मोजून पाहिलं की किती तापमानाला किती वेळ टेकलं तर कातडी मरते. ४४ अंशांना जवळपास सहा तास लागतात. त्यापुढे दर अंशाला वेळ साधारण निम्म्यावर येतो. ६० अंशांना काही सेकंद पुरतात. म्हणजे भाजायला निखारा लागत नाही. बेताचं गरम आणि लांबलेला वेळ, एवढं बास.

हे मोठ्यांच्या, शाबूत कातडीचं झालं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कातडी दुधावरच्या सायीसारखी असते. वरचा राठ थर अजून धरलेलाच नसतो. त्यात गारठलेल्या पायातल्या रक्तवाहिन्या आखडलेल्या असतात. एरवी वाहतं रक्त एका जागची उष्णता उचलून दुसरीकडे नेतं. इथे नेणारं कुणी नाही, उष्णता तिथेच साचते. आणि पाय विटेला टेकून दाबलेला असला तर उरलंसुरलं रक्तही थांबतं. मोठं माणूस झोपेतसुद्धा पाय ओढून घेतं. दुपट्यात घट्ट गुंडाळलेल्या सहा दिवसांच्या बाळाला ते शक्य नाही.

आजीने हात लावला तेव्हा वीट कोमट लागली हे मला पूर्ण खरं वाटतं. तिने क्षणभर हात लावला. बाळाचा पाय मध्यरात्रीपर्यंत तिथे होता.

२३ डिसेंबर

मुलीच्या पायाला रोज ड्रेसिंग. भाजलेला भाग किती, हे मोजताना मोठ्यांचा नवाचा नियम इथे लागू होत नाही, कारण नवजात बाळाचं डोकंच अंगाच्या जवळजवळ पाचवा हिस्सा असतं आणि पाय त्या मानाने लहान. बाळाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, साधारण एक टक्का धरतात. त्या मापाने हिचं तीन टक्क्यांच्या आत आहे. मोठ्या माणसाचं तीन टक्के ऐकून हायसं वाटतं. इथे टाच आणि घोटा आहेत, म्हणून आम्हांला वाटत नाही. पाय वाढेल, व्रणाची कातडी त्याच्याबरोबर वाढणार नाही, आणि मुलगी चालायला लागेल तेव्हा घोटा खेचला जाईल.

एका नातेवाइकाने बाजारातून जळल्यावर लावायचं पांढरं मलम आणलं, सिल्व्हर सल्फाडायझीनचं. घराघरात असतं ते. नवजात बाळाला ते चालत नाही. त्यातल्या सल्फामुळे काविळीचा अंश मेंदूत जाण्याचा धोका असतो. हे औषधाच्या दुकानात सांगायला हवं आणि आशाताईंच्या वहीतही असायला हवं. मोठ्या माणसाला भाजल्या भाजल्या वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा असं आम्हीच सांगतो, पण इवल्याशा बाळाचं अख्खं अंग नळाखाली धरलं तर ते गारठूनच जाईल. फक्त भाजलेला भाग पाण्याने निववायचा, बाकीचं अंग झाकायचं, आणि निघायचं.

आई काल संध्याकाळी आली. वीस-एकवीस वर्षांची असेल. साडीवर पुरुषी शर्ट, तोडीच्या बाया घालतात तसा, उसाच्या पात्याने हात चिरू नयेत म्हणून. बाळाला दूध पाजलं आणि लगेच विचारलं, "किती दिस लागतील?" नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, दोघांच्या नावावर घेतलेली. एकजण बसला की खाडा पडतो आणि तो उचलीतून कापला जातो. बाळंत झाल्यावर पाचव्या दिवशी ती फडावर गेली ती याच हिशोबाने.

हे कळल्यावर मला ती वीट वेगळी दिसायला लागली. त्या बाळासाठी ऊब आईच्या अंगात होती. ते अंग ऊस तोडायला गेलं. त्या जागी वीट आली.

२८ डिसेंबर

मुलीला वैद्यकीय महाविद्यालयात पाठवलं. प्लास्टिक सर्जन म्हणाले, मेलेली कातडी काढून मांडीची कातडी लावावी लागेल.

रात्रपाळी. पहाटे तीनच्या सुमाराला नवी सिस्टर मोठ्याने म्हणाली, "सिस्टर, इकडे या." एका वॉर्मरचा आकडा ३३.८, कॉइल पूर्ण जोरात. तिने आकड्यावर विश्वास ठेवला नव्हता, बटणाला हात लावला नव्हता. तिने आधी बाळाच्या पोटाला हात लावला होता आणि पोट तापलेलं होतं. लंगोट ओला होऊन वर सरकला होता, चिकटपट्टी भिजून निघाली होती आणि प्रोब चादरीवर पडला होता. काखेत ३८.२. कातडी लालसर झाली होती, पण दाबल्यावर पांढरी होऊन परत लाल होत होती; उजाडेपर्यंत लाली उतरली.

बाळ वाचलं ते तिच्या हातामुळे. मी तिला तसं सगळ्यांसमोर सांगितलं. रात्रपाळीला आम्ही दोघी आणि कक्ष भरलेला. ती त्या वेळी दुसऱ्या कोपऱ्यात सलाईन लावत असती तर अर्धा-पाऊण तास सहज गेला असता. अलार्म वाजला असता, हो. पण कक्षात इतके अलार्म वाजत असतात की कान ते गाळायला शिकतात. यात कुणाच्या बेपर्वाईचा भाग नाही. किती बाळांमागे किती सिस्टर, याचा हा प्रश्न आहे, आणि तो कागदावर लिहून वर पाठवायचा आम्ही ठरवलं आहे.

३ जानेवारी २०२५

वॉर्मर तपासायला बायोमेडिकलचे दादा आले होते. त्यांच्याबरोबर राहिलं की पुष्कळ शिकायला मिळतं. एक्स-रे काढताना वॉर्मरचं डोकं बाजूला फिरवतात. परत आणताना ते नेमकं मधोमध आलं नाही तर बाळाच्या एका बाजूवर जास्त धग पडते. गादी किती उंचीवर असावी तेही ठरलेलं असतं. खाली जाड घडी घालून बाळ वर उचललं की अंतर घटतं आणि धग वाढते. एक जुना वॉर्मर वीज जाऊन आली की आपोआप मॅन्युअलवर सुरू होतो, हे आम्हांला अनुभवाने माहीत होतं. त्यांनी त्यावर लाल अक्षरात चिठ्ठी डकवली आणि तो बदलण्याची मागणी लिहून घेतली.

त्यांनी मला विचारलं, वॉर्मर सोडून इथे आणखी काय काय गरम असतं? मी विचार करून सांगत गेले. बोटाला गुंडाळायचा ऑक्सिजनचा प्रोब एकाच जागी घट्ट राहिला तर व्रण करतो. शीर शोधायला कातडीवर टेकवतात तो दिवा. मोठ्या रुग्णालयांत कातडीवरून ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो, तो स्वतःच ४३-४४ अंशांपर्यंत तापतो आणि दर काही तासांनी त्याची जागा बदलावी लागते. आणि सगळ्यांत वाईट ते हातमोज्यात किंवा सलाईनच्या बाटलीत गरम पाणी भरून बाळाशेजारी ठेवणं. वीज गेली, गाडीतून न्यायचं आहे, जवळ काही नाही, की हा उपाय पहिल्यांदा सुचतो. पाणी किती गरम हे कुणी मोजत नाही, आणि मोजा फुटला तर विचारूच नये.

हे आपल्याकडच्या गरिबीचं दुखणं आहे असं मला बरीच वर्षं वाटायचं. तसं नाही. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांनी १९९४ मध्ये नुकसानभरपाईच्या ३,००० दाव्यांची छाननी छापली. त्यात भाजल्याची प्रकरणं २८, आणि त्यांतली १८ गरम केलेल्या सलाईनच्या पिशव्या-बाटल्या अंगाला लावल्यामुळे. सुसज्ज शस्त्रक्रियागृहं, शिकलेले हात. रुग्ण भूल दिलेला, म्हणजे पाय ओढून घेऊ न शकणारा. आमच्या बाळांसारखाच.

९ जानेवारी

आज भंडाऱ्याला चार वर्षं झाली. २०२१ च्या या तारखेला रात्री एक-दीडच्या सुमारास तिथल्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली. सतरा बाळं होती. सातांना बाहेर काढता आलं, दहा गेली. गेल्या नोव्हेंबरात झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयातही नवजात कक्ष पेटला.

नवजात कक्षात काम करणाऱ्या कुणालाही ही तारीख सुखाने जात नाही. मी संध्याकाळी एकेक प्लग पाहत फिरले. भिंतीतून निघालेली एक्स्टेन्शनची वायर, तिच्यावर वॉर्मर, सिरिंज पंप आणि कुणाचा तरी मोबाइल चार्जर. चार्जर काढून ठेवला. वॉर्मर भिंतीच्या स्वतंत्र प्लगवर घेतला. मागचं दार उघडतं का ते उघडून पाहिलं; तिथे खोकी रचलेली होती, ती मामांनी लगेच हलवली. अग्निशामक नळकांड्यावरची तारीख पाहिली. आणि सगळ्यांना विचारलं: आत्ता धूर झाला तर तू कोणतं बाळ उचलशील? कुणाला काय उत्तर द्यावं ते कळेना. म्हणून आम्ही वाटणी करून भिंतीवर लिहिली, बाळांना कशात गुंडाळून किती जणांना एका फेरीत न्यायचं तेही लिहिलं.

त्या दहा आयांची नावं मला माहीत नाहीत. त्यांनाही कुणीतरी सांगितलं असेल, बाळ पेटीत ठेवलंय, काळजी करू नका.

१४ जानेवारी

संक्रांत. मुलगी परत आली. पायाला लावलेली कातडी धरली आहे, वजन २,२०० झालं आहे. मावशींनी सगळ्यांना तिळगूळ वाटला, आणि बाळाच्या आईने तो घेतला तेव्हा पहिल्यांदा हसली.

दुपारी आईला कांगारू काळजीसाठी, म्हणजे बाळ उघड्या छातीशी बांधून ऊब द्यायला, बसवलं. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, टोपडं आणि एका पायात मोजा; दुसऱ्या पायाला ड्रेसिंग. दोन्ही स्तनांच्या मधे उभं, पाय दुमडलेले, मान एका बाजूला वळवलेली, म्हणजे नाक मोकळं राहतं. वरून ओढणीने बांधलं आणि तिने आपला तोडीचा शर्ट त्यावर घालून बटणं लावली. त्या शर्टाचा यापेक्षा चांगला उपयोग मी पाहिलेला नाही.

कोलंबियात, बोगोता शहरात, १९७८ च्या सुमारास एडगर रे सानाब्रिया आणि मग हेक्टर मार्टिनेझ या डॉक्टरांनी ही रीत सुरू केली ती पेट्या अपुऱ्या होत्या म्हणून. एका पेटीत अनेक बाळं, जंतुसंसर्ग, मृत्यू. आमच्यासारखीच अवस्था. मुंबईच्या केईएममध्ये सुमन राव, रेखा उदानी आणि रुची नानावटी यांनी २०६ बाळांवर अभ्यास केला आणि कांगारूत ठेवलेल्या बाळांचं वजन जास्त चांगलं वाढलं, गारठणं कमी झालं, असं २००८ मध्ये मांडलं. पण बरीच वर्षं आपण समजत होतो की बाळ आधी पेटीत स्थिर व्हावं, मग आईकडे द्यावं. २०२१ मध्ये घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानियातल्या पाच रुग्णालयांचा अभ्यास आला. एक किलो ते १,७९९ ग्रॅमची ३,२११ बाळं. जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवलेल्यांत २८ दिवसांत १२ टक्के बाळं गेली. आधी स्थिर होईपर्यंत थांबलेल्यांत १५.७ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधी थांबवला गेला. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने रोज आठ ते चोवीस तास कांगारू काळजी द्यावी, जन्मल्याबरोबर सुरू करावी, असं सांगितलं.

मला या आकड्यांहून एक साधी गोष्ट जास्त पटते. आईचं अंग ३७ अंशांच्या आसपास असतं. ते ४४ होत नाही. त्याचा प्रोब सुटत नाही, वीज जात नाही, आणि बाळ हललं की त्या अंगाला कळतं. बाळाला ठेवायची एक झोळी मी पाहिली आहे, स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये सुरू केलेल्या कामातून आलेली. तिच्यातल्या पिशवीतलं मेणासारखं द्रव्य थिजताना ३७ अंशांपाशी टिकून राहतं. हुशार लोकांनी पुष्कळ डोकं चालवून काय केलं, तर आईच्या अंगाचं तापमान पिशवीत भरलं. वाटेत न्यायला ती चांगलीच आहे. फार आजारी बाळाला, श्वासाची नळी लावलेल्या बाळाला वॉर्मर लागणारच आहे. पण आमच्या कक्षातल्या निम्म्या बाळांना वॉर्मर लागतो तो आई शेजारी नसते म्हणून.

आई शेजारी का नसते, याचं उत्तर कधी खाडा असतं, कधी आमच्याच दारावरची "नातेवाइकांना प्रवेश नाही" ही पाटी असते. मॅडमनी आज ती पाटी काढायला सांगितली. आतल्या बाजूला आयांसाठी पाठ टेकता येईल अशा खुर्च्या मागवल्या आहेत.

२१ जानेवारी

त्यांच्या टोळीचा मुकादम येऊन गेला. वाईट माणूस वाटला नाही. त्यालाही कारखान्याकडून उचल आलेली आहे, त्यालाही टनांचा हिशोब द्यायचा आहे. पण मुलीच्या आईला सोमवारपासून फडावर यायलाच लागेल म्हणाला. मी म्हटलं, बाळंतिणीला तुम्ही दीड महिनासुद्धा देत नाही. तो म्हणाला, "बाई, मी नाही म्हणत नाही. खाडा कोण भरणार ते सांगा." याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. ते शासनाजवळ आणि कारखान्यांजवळ असायला हवं. गावात असती तर आशाताई सहा वेळा घरी येऊन बाळ पाहून गेली असती. तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या, बेचाळिसाव्या. ही गाव सोडून आली, आणि तिच्या गावच्या आशाच्या यादीत बाळ नाही, इथल्या आशाच्याही नाही. निदान हे तरी मी हलवू शकते. या भागातल्या आशांना कोप्यांतल्या बाळंतिणींची यादी द्यायचं तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी कबूल केलं आहे.

आईला सुट्टी मिळेना, तेव्हा मॅडम आजीकडे वळल्या. "आजी, तुमच्या छातीशी राहील ती?"

आजीला वाटलं थट्टा चालली आहे. "माझ्या अंगाला दूध न्हाई, बाई."

"दूध सकाळ-संध्याकाळ आई पाजेल, मधलं वाटीत काढून ठेवेल. आपल्याला ऊब पाहिजे. ती तुमच्याकडे आहे."

तिला बसवलं, बांधलं. अर्ध्या तासाने बाळाच्या काखेत ३६.८. तो आकडा मी तिला वाचून दाखवला. तिने विचारलं, हे त्या दिशी का न्हाई सांगितलं कुणी? बाळाचा जन्म झाला त्या ठिकाणाहून तिला दुसऱ्याच दिवशी घरी पाठवलं होतं. सोबत कागद होता, त्यावर "बाळास उबदार ठेवावे" असं छापलेलं. तो कागद तिने अजून जपून ठेवला आहे. तिला वाचता येत नाही.

२ फेब्रुवारी

उद्या मुलगी जाणार. वजन अडीच किलोला टेकलं आहे. घोट्याला रात्री प्लास्टिकचा साचा बांधायचा, दिवसा व्रणाला खोबरेल लावून मालिश करायची. आता ती वॉर्मरखाली नाही, आता तेल चालेल. हा फरक आजीला दोनदा सांगितला.

आजीचे प्रश्न कामाचे होते. बाळ बांधून चुलीपुढं बसलं तर चालेल का? नाही, चुलीपाशी नाही. ठिणगी आहे, धूर आहे, उतू जाणारं पातेलं आहे. स्वयंपाक उरकून मग बांधायचं, स्वयंपाकाच्या वेळी कुणी तरी दुसऱ्याने घ्यायचं. रात्री बांधून झोपलं तर? आडवं सपाट नाही. पाठीशी गोधड्यांचा टेका लावून अर्धं बसून. आणि थंडी फारच पडली तर? टोपडं, मोजे, दोन पदरी दुपटं, आणि पोट-पाय चाचपून बघायचं. वीट, शेगडी, गरम पाण्याची बाटली, यांतलं काही बाळाच्या अंथरुणात नाही. कोपी उबदार करायला निखारे हवेच असतील तर ते लांब, दाराशी, दार उघडं ठेवून, आणि झोपण्याआधी बाहेर काढून. बंद कोपीत निखाऱ्याच्या विषारी वायूने माणसं झोपेतच जातात.

तिने सगळं परत म्हणून दाखवलं, एक शब्द न चुकता. मग शेजारच्या खाटेवरच्या नव्या बाळंतिणीला, जालन्याकडची होती ती, माझ्यादेखत सगळं पहिल्यापासून शिकवलं. माझ्यापेक्षा बरं शिकवलं. मॅडमना मी सुचवलं आहे की पुढच्या रविवारी कोप्यांवर आरोग्य शिबिर आहे तिथे या आजीलाच बोलू द्यावं. गाडी वाटेत तिच्या कोपीवर थांबेल आणि त्याच फेरीत मुलीचं ड्रेसिंगही होईल.